सोळा आणे भीती

दिनानाथ गुप्ते यांनी 'हो' म्हटलं ते पंख्याकडे बघून. सिनेमाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

पनवेलच्या मामलेदार कचेरीत ते कारकून होते आणि त्या वर्षीच्या भाद्रपदात त्यांना एकच गोष्ट हवी होती : झोप. ती कुठेच मिळत नव्हती. कचेरीत जमिनींच्या हिस्स्यांचं काम निघालं होतं. भाऊ भावाशी भांडायचा, आणि दोघं मिळून दिनानाथांशी. घरी वेगळाच प्रकार. गणपती गेले, गौरी गेल्या, सासूबाई राहिल्या. कृष्णाबाई तशा प्रेमळ. जावयाची काळजी इतकी, की दिव्याची वात खाली केली की पाचव्या मिनिटाला पलीकडून हाक यायची, "जावईबापू, लागली का हो झोप?" लागलेली असली तर ती तेवढ्यानं मोडायची. राहिलेली डास मोडायचे. (पनवेलच्या डासाबद्दल परगावच्या माणसाला सांगून उपयोग नाही. तो मच्छरदाणीच्या आत जन्माला येतो.)

अशा अवस्थेत एका संध्याकाळी अय्यूबशेठनी त्यांना गोदामात बोलावलं. अय्यूबशेठची भाताची गिरणी होती. गिरणीला लागून गोदाम, आणि त्या गोदामात पडदा लावून त्यांनी सिनेमा सुरू केला होता. गिरणीच्या इंजिनावर सिनेमाचं यंत्र चाले, दिवे चालत आणि एक पंखाही चाले. पंखा एकच, आणि तो शेठच्या स्वतःच्या गादीच्या खुर्चीवर टांगलेला.

"बसा, गुप्तेसाहेब," शेठ म्हणाले. "गणू, पंखा सोड रे."

दिनानाथ बसले. पंखा फिरला. डोक्यावरून वारा असा उतरला, की त्यांना आपली आई आठवली.

"पितृपंधरवडा आला," शेठ सांगू लागले. "या दिवसांत तुमच्यात कोणी लग्न करत नाही, कापड घेत नाही, आणि सिनेमाकडे तर फिरकत नाही. माझ्या गोदामात फक्त उंदीर येतात, तेही बिनतिकिटाचे. म्हणून मी ठरवलंय, पंधरवडाभर नुसते भुतांचे खेळ लावायचे."

"शेठ, पितर वेगळे आणि भुतं वेगळी," दिनानाथ डोळे मिटता मिटता म्हणाले.

"तिकिटाला दोन्ही सारखीच. पण बात अशी आहे, खेळ कितपत भीतीचा, ते लोकांना आधी कळायला हवं. मी सांगून कोणाचा यकीन बसणार नाही. मी सगळेच चांगले म्हणणार. तुम्ही सरकारी माणूस, अक्षरही सुंदर. पहिल्या दिवशी इथे बसून खेळ बघा आणि दुसऱ्या दिवशी बाहेरच्या फळ्यावर लिहा, भीती इतके आणे. सोळा आणे म्हणजे पुरती भीती, दोन आणे म्हणजे पोरांनी बघावा."

"बसायचं... कुठे?"

"याच खुर्चीत. पंख्याखाली."

"हो," दिनानाथ म्हणाले.

तर असं ते झालं. पुढे जे काही झालं त्याला अय्यूबशेठ जबाबदार नाहीत, भुतं जबाबदार नाहीत, पंखा आहे.

पहिला खेळ संध्याकाळी सहाचा. कचेरी सुटली की दिनानाथ परस्पर गोदामात. त्यांची बायको वेणू कनातीपलीकडे बायकांच्या बाजूला बसली. अंधार झाला. पडद्यावर एक विहीर दिसली. विहिरीवर पिंपळ होता. पिंपळाला पानं होती. एवढं दिनानाथांनी पाहिलं, आणि इतक्या दिवसांची थकलेली ती झोप विहिरीत पोहरा पडावा तशी खाली गेली.

"सायेब, उठा. खेल खलास झाला." गणू त्यांना हलवत होता. गणू म्हणजे दारावर तिकिटं फाडणारा माणूस.

"काय झालं रे शेवटी?"

"भूत मेला."

दारात शेठ उभे होते. "बोला, किती आणे?"

कारकुनाला वेळ काढणं शिकवावं लागत नाही. "घाई नको, शेठ. भीती थोडी मुरावी लागते. उद्या सांगतो."

आणि ती खरोखरच मुरली. घराकडे जाताना वेणूनं त्यांच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरलं होतं. टपाल नाक्यापासून आळीपर्यंत तिनं सगळी गोष्ट सांगितली : विहिरीतली बाई, तिची सवत, सवतीचा भाऊ.

"आणि ती गुरगुर, बाई गं! अगदी कानाशी! अंगावर काटा आला."

"गुरगुर कसली? कुत्रा होता का चित्रात?"

"कुत्रा कसला! कोण गुरगुरतं तेच तर दाखवत नाहीत! आणि तुम्ही काय पाहत होतात?"

"मी त्या वेळी बाईच्या चेहऱ्याकडे बघत होतो," दिनानाथ म्हणाले. (हे उत्तर चुकीचं होतं. ते त्यांना पुढची आळी संपेपर्यंत भोवलं.)

घरी आल्यावर वेणू मागच्या दारी पाणी आणायला जाईना. शेवटी दिनानाथांनीच कंदील घेतला आणि हंडा भरून आणला. हंडा ठेवता ठेवता त्यांना युक्ती सुचली. आपण खेळ पाहिला नसला म्हणून काय झालं? वेणूनं पाहिलाय ना! दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात उमटलं : भीती आठ आणे.

पुढे त्यांनी हे माप पक्कं केलं. वेणू स्वयंपाकघरात एकटी जायला घाबरली तर चार आणे. मागच्या दारी जायला घाबरली तर आठ. चूल पेटवायलासुद्धा 'तुम्ही शेजारी बसा' म्हणाली तर बारा. इंचाच्या पट्टीत चूक निघेल, वेणूत निघत नसे. लोक खेळ बघून यायचे आणि माना डोलवायचे. "गुप्त्यांचा आणा म्हणजे बंदा आणा," अशी बाजारात बोलवा झाली. विचुंब्याहून, जासईहून गाड्या जोडून माणसं येऊ लागली. त्या गुरगुरीचा तर फारच बोलबाला झाला. फळा लिहून झाला तरी दिनानाथ रोज सहाला त्या खुर्चीत हजर असत, आणि प्रत्येक खेळात ती असायची. मुंबईला तेच खेळ पाहून आलेल्या एकाला ती तिथे ऐकू आली नव्हती, तेव्हा अय्यूबशेठ छाती पुढे काढून म्हणाले, "मुंबईच्या यंत्रात तो दम कुठे!"

वेणूनं तरी ओळखायला नको होती का? पण बिचारीचा दोष नाही. घरी दिनानाथांना एवढी गाढ झोप लागू देतं कोण? आणि गोदामाच्या पत्र्याखाली मांजर म्यॅव म्हणालं तरी वाघ आल्यासारखं वाटे.

इकडे दिनानाथांचं गणित मात्र चुकत चाललं होतं. गोदामात जेवढी झोप मिळे तिच्या दुप्पट काम घरी निघे. खेळ जितका भीतीचा, तितके हंडे जास्त. त्यात कृष्णाबाईंनाही खेळांची गोडी लागली. आता दोन बायका घाबरायच्या. एकीला पाणी हवं असे, दुसरीला परसात सोबत. चौथ्या का पाचव्या खेळानंतर दोघींनी मिळून दिनानाथांना भाकऱ्या थापायला बसवलं. कारण चुलीकडे पाठ करून बसायची दोघींनाही भीती, आणि चुलीकडे तोंड केलं तर दाराकडे पाठ होते!

"जावईबापू, कडा फाटतेय," सासूबाई लांबून म्हणाल्या.

दमलेल्या दिनानाथांनी ती कडा दोन बोटांनी सांधली आणि भाकरी तव्यावर टाकली.

शेवटचा खेळ हडळीचा. तो पाहून आल्यावर कृष्णाबाईंनी आपलं अंथरूण उचललं आणि सरळ लेकीच्या आणि जावयाच्या मध्ये आणून घातलं. याहून मोठं माप दिनानाथांपाशी नव्हतं. सकाळी लाल डोळ्यांनी त्यांनी फळ्यावर लिहिलं : भीती सोळा आणे.

तो फळा मामलेदारसाहेबांनी कचेरीत येताना वाचला.

"गुप्ते, आज आम्ही सहकुटुंब येतो आहोत तुमच्या हडळीला," साहेब म्हणाले. "तुम्ही आमच्या शेजारी बसा. आणे कसे ठरवता ते जरा कळू द्या."

अव्वल कारकुनाची जागा त्या महिन्यात रिकामी झाली होती. जागेवर दोघांचा डोळा होता, दिनानाथांचा आणि काशिरामपंतांचा. काशिरामपंत हा कधीही जांभई न देणारा माणूस. साहेबांच्या शेजारी झोप लागली तर जागा गेलीच म्हणून समजा! त्यांनी दुपारपासून चहा प्यायला सुरुवात केली. पाय ताठ, कान गरम, असे ते सहाला साहेबांच्या शेजारी आपल्या नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसले.

आणि मग दिनानाथांनी त्या पंधरवड्यातला पहिला खेळ उघड्या डोळ्यांनी पाहिला.

त्यांना घाम फुटला. हडळ म्हणजे एक चांगला दणकट बाप्या होता. लुगड्याखालून त्याच्या पोटऱ्या दिसत होत्या. तो झाडावरून उतरताना लुगडं फांदीला अडकलं, तर ते सोडवायला त्यानं नायिकेचीच मदत घेतली. पुढे बसलेली माणसं खिदळू लागली. "गुरगुर कुटं हाय?" कोणीतरी ओरडलं. "आज आवाज बंद हाय काय?"

साहेबांनी मान वळवली. "गुप्ते, सोळा आणे?"

"मध्यंतरानंतर वाढते, साहेब," दिनानाथ म्हणाले.

"तुम्हाला स्वतःला वाटली का भीती?"

आता काय सांगणार? पाहिलाच नाही म्हटलं तर लबाड ठरणार, वाटली म्हटलं तर भित्रा. दिनानाथ हळूच म्हणाले, "या क्षणी फार वाटतेय, साहेब."

यात खोटं काहीच नव्हतं.

मध्यंतरात कृष्णाबाई कनातीतून डोकावून गेल्या. "जावईबापू, आज अगदीच मिळमिळीत हो!" अय्यूबशेठ दारात डोक्याला हात लावून उभे होते. कालपर्यंत बायका किंचाळत होत्या, आज खारे दाणे खात होत्या.

दुसरा भाग सुरू झाला. चहाचा जोर ओसरला. वर पंखा होता. समोर हडळीचं आणि नायकाचं लांबलचक संभाषण चाललं होतं. पाय तेवढे ताठ राहिले, बाकीचे दिनानाथ गेले.

पुढचं त्यांना लोकांकडून कळलं, आणि पनवेलला सांगणाऱ्यांची वाण नव्हती.

आधी एक बारीक घरघर उठली. हसणारी माणसं गप्प झाली. मग ती गुरगुर पत्र्यावर चढली, तिथून खाली उतरली आणि अंधारात चारी भिंतींवरून फिरू लागली. बायकांच्या बाजूनं पहिली किंकाळी आली. ती मामलेदारीणबाईंची. पडद्यावर हडळ नायकाला आपली कर्मकथा सांगत होती, पण तिच्याकडे आता कोण बघतो! शेठच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात इंजिनाचा पट्टा सुटला.

यंत्र थांबलं, पडदा काळा झाला, पंखा थांबला, हडळ बोलता बोलता मुकी झाली. गोदामात मिट्ट काळोख. आणि त्या काळोखात, सिनेमा बंद पडलेला असताना, ती गुरगुर मात्र चालूच राहिली.

काय गोंधळ झाला म्हणता! बाकं उलटली, कनात खाली आली. विचुंब्याचा एक दांडगा गडी 'आये, आये' करत तिकिटाच्या खिडकीतून बाहेर पडला. (ती खिडकी मी पाहिली आहे, असं पुढे कित्येकजण विस्मयानं सांगत. तिच्यातून हातसुद्धा जपून घालावा लागे.) रामरक्षा एकीकडून, कलमा दुसरीकडून. अशात गणू पेट्रोमॅक्सची बत्ती घेऊन धावत आला आणि आवाजाच्या रोखानं त्यानं ती उंच धरली.

उजेडात दिसलं ते असं : खुर्चीत दिनानाथ गुप्ते, मान मागे, तोंड उघडं, गुरगुर तिथूनच येते आहे, आणि त्यांचा दंड दोन्ही हातांनी कवटाळून, डोळे गच्च मिटून मामलेदारसाहेब बसले आहेत.

"अगो बाय!" गणू म्हणाला. "भूत तर आपला घरचाच हाय!"

हसण्यानं पत्रे उडायचे बाकी राहिले. त्या हसण्यानंच दिनानाथ जागे झाले. समोर सगळं गाव, बाजूला साहेब आपला दंड लगबगीनं सोडताहेत. अर्धवट झोपेत त्यांनी सवयीप्रमाणे विचारलं, "काय झालं रे शेवटी?"

घरी जाताना वेणूनं सदऱ्याचं टोक धरलं नाही. ती चार पावलं पुढे चालत होती. "आठ वर्षांचा संसार! घाबरले ती तुम्हाला! आणि वर हंडे भरलेत ते जसे काही माझ्यावर उपकारच!"

"मी तरी मुद्दाम का—"

"भाकरीसुद्धा तुमच्याच भीतीनं तुमच्याकडून करवून घेतली, आणि तीही फाटकी!"

दिनानाथांना हे वाक्यच नीट कळलं नाही.

सकाळी साहेबांनी बोलावलं. जागा तर गेलीच, आता बदलीही होणार, अशा तयारीनं ते आत गेले. साहेबांनी आधी शिपायाला बाहेर पाठवलं.

"गुप्ते, काल त्या अंधारात... गडबडीत माझा हात कुठेतरी पडला असं लोक म्हणतात."

"मला काहीच माहीत नाही, साहेब. मी झोपलो होतो."

"हे तुम्ही कोणीही विचारलं तर सांगाल?"

"मी कशाला, सगळं पनवेल सांगेल, साहेब."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा थोडा सैल झाला. "ठीक आहे. जा."

अय्यूबशेठ रागावले असतील, ही भीतीसुद्धा फुकट गेली. ते मिठाई घेऊन घरी आले. "उद्या सर्वपित्री, शेवटचा खेळ. तिकिटं आजच संपली! लोक हडळ बघायला येत नाहीत, तुम्हाला ऐकायला येताहेत. इज्जतीचा सवाल आहे, गुप्तेसाहेब. तुम्ही फक्त या आणि झोपा."

दिनानाथांनी वेणूकडे पाहिलं.

"जा ना," ती म्हणाली. "कुठेतरी कौतुक आहे तुमच्या झोपेचं." पण तिच्या ओठाचा कोपरा हलला होता, तो त्यांना दिसला. तेवढ्यावर ते गेले.

अमावास्येला गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. दिनानाथ आत आले तेव्हा टाळ्या पडल्या. पंखा सुरू झाला. शेठनी जायफळ घातलेलं दूध पुढे केलं. कोणीतरी पायाखाली उशी सारली. हडळ पडद्यावर आली तर कृष्णाबाई कनातीमागून तिच्यावरच खेकसल्या, "हळू बोल गं भवाने, जावयाचा डोळा लागतोय!"

शेकडो माणसं श्वास रोखून बसली होती.

"झोपला काय?"

"नाय अजून. पापनी हालते."

दिनानाथांनी काय केलं नाही! आकडे मोजले, देवाचं नाव घेतलं, जमिनीच्या हिस्स्यांचे तक्ते आठवले, ज्यांच्यावर कचेरीत रोज झोप येई. झोप येईना. एवढी माणसं आपल्या झोपेची वाट बघताहेत म्हटल्यावर ती नव्या नवरीसारखी उंबऱ्यातच अडून बसली. शेवटी शेठची दया येऊन त्यांनी डोळे मिटून खोटीच एक गुरगुर काढून पाहिली.

"हा नकली हाय!" पुढून लगेच आवाज आला. "परवाचा असली व्हता!"

खेळ संपला. लोक कुरकुरत घरी गेले. दिनानाथ त्या दिवशी घरी जाऊनही टक्क जागे राहिले. सासूबाईंनी विचारलं, "जावईबापू, लागली का हो झोप?" तेव्हा पहिल्यांदाच त्यांना खरं उत्तर देता आलं.

ती झोप लागली दुसऱ्या दिवशी सकाळी, कचेरीत. विचुंब्याच्या दोन भावांचा बांधाचा तंटा साहेबांपुढे चालला होता, आणि दिनानाथ उभ्यानं जबानी वाचून दाखवत होते. "...सदर बांध माझ्या आज्यानं घातला असून..." एवढं म्हणून ते शेजारच्या स्टुलावर टेकले, आणि 'असून'च्या पुढे गुरगुर सुरू झाली. अस्सल! जन्माचे वैरी असलेले ते दोघे भाऊ एकमेकांकडे बघून हसले. थोरला म्हणाला, "ह्योच तो! त्या दिशी म्या खिडकीतून निसटलो तो ह्याच्याच पायी!" आणि धाकटा बाहेर धावला, माणसं बोलवायला. बघता बघता कचेरीच्या खिडक्यांत डोकीच डोकी झाली. साहेब हातातली लेखणी तशीच धरून दिनानाथांकडे बघत राहिले.

त्यानंतर आठवडाभर दिनानाथ मान वर करून चालले नाहीत.

आणि अचानक हुकूम आला. अव्वल कारकुनाच्या जागेवर दिनानाथ गुप्ते!

घरात आनंदीआनंद झाला. वेणूनं आळीभर पेढे वाटले. सासूबाईंनी जावयाची दृष्ट काढली. दिनानाथांनी शांतपणे विचार केला आणि त्यांना सगळी कारणं दिसू लागली : आपलं अक्षर, आपली सचोटी, शिवाय त्या हाताबद्दल आपण पाळलेलं मौन. साहेबांना माणसाची पारख आहे, हेच खरं. दुसऱ्या दिवशी ताठ मानेनं ते कचेरीत गेले. शिपाई आनंदा त्यांचं सामान अव्वल कारकुनाच्या टोकाच्या खोलीत हलवत होता. दिनानाथांनी त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "काय रे आनंदा, आमचं नाव पक्कं करताना साहेब काय बोलले, कानावर आलं का तुझ्या?"

आनंदानं आधी पेढा संपवला.

"आलं की. काशिरामपंतांचंच नाव लिवलं व्हतं, ते साहेबांनी खोडलं. म्हनले, आख्ख्या कचेरीत दार असलेली खोली ही एकच हाय, गुप्त्यांना तिथंच घाला." त्यानं दप्तर टेबलावर ठेवलं, हात झटकले आणि जाता जाता मागे वळून म्हणाला, "आन् दाराला आतून गोधडी मारायची हाय. सुतार दुपारी येतो."